आतड्यातील जीवाणू आणि दाह : प्रतिकारशक्तीला हा शेजार कसा मानवतो?

नीलमोहर

माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला दाह होऊन व्रण पडण्याच्या आजाराचे, निदान झाले. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. पहिले चार महिने मूळव्याध समजून औषधे चालू राहिली. कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, झाली तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावरचे चित्र दाखवले. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे अस्तर लालभडक झाले होते आणि नळीचा नुसता स्पर्श झाला तरी तिथून रक्त झिरपत होते. डॉक्टर म्हणाले की बाहेरून कोणताही जंतू शिरलेला नाही. त्याचीच प्रतिकारशक्ती त्याच्या आतड्यावर उलटली आहे, आणि तिथे राहणारे जीवाणू या भांडणाला निमित्त ठरत असावेत.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. बोटात काटा मोडला तरी बोट सुजून ठणकते. मग अब्जावधी जीवाणू जन्मभर आतड्यात नांदत असताना निरोगी माणसाचे आतडे सुजत का नाही? आणि ज्याचे सुजते, त्याचे नेमके काय बिनसते?

दुसरा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. घरी येणारा प्रत्येक जण आपुलकीने काहीतरी सुचवतो. कोणी दही वाढवायला सांगतो, कोणी प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवंत जीवाणूंच्या, कॅप्सूल सुरू करायला सांगतो. एका काकांनी तर गोळ्या बंद करून आधी जीवाणू सुधारा, असे सांगितले, आणि त्याची मला फार भीती वाटते. यातले किती सिद्ध झालेले आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनाजाणता

विषय अतिशय महत्त्वाचा आहे. भावाला लवकर आराम पडो. मीही वाचायला बसलो आहे.

सूक्ष्मदर्शी

नीलमोहर, तुमचा पहिला प्रश्न हाच या शास्त्राचा गाभा आहे. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे लांबले तर सांभाळून घ्या.

आधी एका आकड्याविषयी लिहिते, कारण तो सगळीकडे चुकीचा छापला जातो. माणसाच्या पेशींच्या दहापट जीवाणू शरीरात असतात, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. २०१६ साली तीन शास्त्रज्ञांनी हा हिशेब नव्याने मांडला. साधारण ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असे त्यातून निघाले. म्हणजे संख्या जवळपास बरोबरीची आहे आणि या सगळ्या जीवाणूंचे वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास भरते. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात.

हे जीवाणू आणि आपले रक्त यांच्यामध्ये आतड्याचे जे अस्तर असते, ते फक्त एका पेशीच्या जाडीचे असते आणि चार-पाच दिवसांत पुरते बदलते. मोठ्या आतड्यात या अस्तरावर श्लेष्म्याचे, म्हणजे बुळबुळीत चिकट स्रावाचे, दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जीवाणू राहतात, तर आतल्या घट्ट थरात त्यांना जवळपास प्रवेशच नसतो. याशिवाय आतडे रोज काही ग्रॅम आयजीए नावाची प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिने) आत सोडत असते. शरीर इतर कोणतीही प्रतिपिंडे एवढ्या प्रमाणात बनवत नाही. आयजीए जीवाणूंना चिकटते, त्यांना अस्तरापासून लांब ठेवते, आणि हे करताना दाह पेटू देत नाही. काट्याच्या वेळी हे सगळे बंदोबस्त ओलांडून जंतू थेट मांसात जातो, म्हणून बोट सुजते.

परंतु केवळ भिंतीने हे भागत नाही. प्रतिकारशक्तीला संयमही शिकावा लागतो, आणि तो शिकवण्यात जीवाणूंचाच मोठा वाटा असतो. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यात पोचले की काही जीवाणू ते आंबवून ब्युटिरेट नावाचे छोटे मेदाम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी इंधन म्हणून प्रामुख्याने हेच वापरतात. २०१३ साली जपान आणि अमेरिकेतील तीन गटांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की ब्युटिरेट आणि त्याच्या जातीच्या मेदाम्लांमुळे आतड्यातील नियामक टी पेशी वाढतात. इतर पांढऱ्या पेशींना आवरून धरणे हेच या पेशींचे काम आहे. म्हणजे आपण जे अन्न पचवू शकत नाही, त्यातून जीवाणू असा पदार्थ बनवतात की ज्याने आपलीच प्रतिकारशक्ती शांत राहते. मी हे दरवर्षी वर्गात शिकवते आणि दरवर्षी मला त्याचे तितकेच नवल वाटते.

वाळवंटी

सूक्ष्मदर्शी मॅडम, जीवाणू मुळीच नसले तर काय होते? तसे असेल तर दाहाचा प्रश्नच मिटायला हवा ना?

सूक्ष्मदर्शी

हा प्रयोग उंदरांवर झालेला आहे. पूर्णपणे निर्जंतुक पेटीत जन्मलेल्या आणि वाढलेल्या उंदरांच्या आतड्यातील प्रतिकारशक्तीच्या पेशींचे पुंजके खुरटलेले राहतात, आयजीए अगदी थोडे तयार होते आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी फुगून भलीमोठी होते. असे उंदीर बाहेरच्या साध्या संसर्गालाही लवकर बळी पडतात.

एक उदाहरण आणखी देते. अमेरिकेत एकाच वंशाचे उंदीर दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आणले, तेव्हा एकांच्या आतड्यात दाह वाढवणाऱ्या टीएच १७ पेशी भरपूर आढळल्या आणि दुसऱ्यांच्या आतड्यात फारच थोड्या. उंदरांच्या वंशात फरक नव्हता. फरक पडला होता तो धाग्यासारख्या लांबट आकाराच्या एका जीवाणूमुळे, आणि तो एकाच पुरवठादाराच्या उंदरांत होता. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. याच पेशी काही संसर्गांपासून संरक्षण देतात आणि अति झाल्या तर सांधे व मेंदूचा दाहही वाढवतात. त्यामुळे जीवाणूंची विभागणी सरळ चांगले आणि वाईट अशी करता येत नाही, हे लक्षात असू द्यावे.

ज्वारीची_भाकरी

मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी आहे. मॅडमनी तंतूंबद्दल लिहिलेले वाचून बरे वाटले. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची किंवा तुरीची डाळ, कांदा, लसूण आणि जेवणानंतर ताक, हा नेम माझ्या आजीपासून चालत आला आहे. गेल्या पंधरा वर्षांत आमच्याच गावात सकाळच्या न्याहारीला भाकरीच्या जागी बिस्किटे आली आणि लहान पोरांच्या पोटाच्या तक्रारी माझ्या डोळ्यांदेखत वाढल्या. नीलमोहर ताई, तुमच्या भावाला भाकरी आणि ताक सुरू करा. मला वाटते, निम्मे काम त्यानेच होईल.

अबोली_२२

ज्वारीची_भाकरी दादा, तुमच्या भावनेचा आदर ठेवून मी ठामपणे असहमती नोंदवते, कारण मला स्वतःला नऊ वर्षांपासून हाच आजार आहे.

आजार उफाळलेला असताना, म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा रक्तमिश्रित जुलाब होत असताना, भाकरी, मोड आलेली कडधान्ये आणि कच्च्या कोशिंबिरी यांनी माझा त्रास दुप्पट झाला होता. त्या काळात मला मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, शिजवून घोटलेला दुधी भोपळा आणि साल काढलेले उकडलेले सफरचंद एवढेच सोसत होते. अस्तर भरून आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी एकेक पदार्थ आठवड्याच्या अंतराने परत आणला. आज मी भाकरी खाते, पण तिथवर यायला मला सात महिने लागले. निरोगी माणसाचे आतडे निरोगी ठेवणारा आहार आणि जखमी आतड्याला सोसणारा आहार हे दोन वेगळे विषय आहेत.

आता गोळ्यांविषयी लिहिते. तिसऱ्या वर्षी एका परिचिताच्या सांगण्यावरून मी औषध बंद केले आणि महागड्या प्रोबायोटिक पावडरीवर राहिले. पहिले तीन आठवडे बरे वाटले. चौथ्या आठवड्यात रक्त सुरू झाले, हिमोग्लोबिन सातवर आले आणि मला अकरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, परंतु तो त्या अकरा दिवसांत माझ्या खाटेजवळ नव्हता. नीलमोहर, कोणीही कितीही आपुलकीने सांगितले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

ज्वारीची_भाकरी

अबोली ताई, तुमचे म्हणणे मान्य आहे. जखमेचा विचार मी केला नव्हता. माझा सल्ला मागे घेतो. तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले.

दूरदेशी

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि या विषयावरचे संशोधन नेमाने वाचतो. दही-ताकाच्या मुद्द्यावर एक चांगला अभ्यास याच राज्यात, स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ३६ निरोगी प्रौढांचे दोन गट केले. दहा आठवडे एका गटाने तंतुमय अन्न खूप वाढवले आणि दुसऱ्या गटाने दही, केफिर, किमची, कोम्बुचा असे आंबवलेले पदार्थ दिवसाला सरासरी सहा सर्व्हिंग (वाढप) इतके खाल्ले. आंबवलेले खाणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी संबंधित १९ प्रथिने कमी झाली. तंतू वाढवणाऱ्या गटात सरसकट तशी घट दिसली नाही. ज्यांच्या आतड्यात सुरुवातीलाच जीवाणूंची विविधता जास्त होती, त्यांचाच दाह कमी झाला.

मला यातून असे वाटते की तंतू पचवणारे जीवाणूच ज्याच्या पोटात उरलेले नाहीत, त्याने अचानक तंतू वाढवून लगेच फळ मिळत नसावे. पेरणी करायला शेत हवे, तसे ते आहे.

याला जोडून मिनेसोटातील एक अभ्यास सांगतो. थायलंडमधून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग आणि करेन समाजातील स्त्रियांची तपासणी केली तेव्हा असे दिसले की अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता घटू लागते, तंतू पचवणारे प्रिव्होटेला नावाचे जीवाणू मागे पडून त्यांची जागा बॅक्टेरॉइडिस नावाचे जीवाणू घेतात आणि पुढच्या पिढीत ही घट आणखी वाढते. हे वाचले त्या दिवशी मी आमच्या स्वयंपाकघराकडे नव्याने पाहिले. आता थंडीत ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतो आणि त्या उबेत रात्रभर दही विरजतो. मुले ते आवडीने खातात.

गोमंतकी

इडली आणि आंबील हेही आंबवलेलेच आहे. मग त्यांचाही असाच उपयोग होईल का?

सूक्ष्मदर्शी

गोमंतकी, इडली वाफवताना आणि आंबील उकळताना जिवंत जीवाणू मरतात. आंबवताना तयार झालेली आम्ले आणि सुलभ झालेले पचन हे फायदे उरतात, पण जिवंत जीवाणू हवे असतील तर ते ताज्या दह्यात आणि ताकात मिळतात.

दूरदेशी यांनी दिलेल्या अभ्यासाला एक मर्यादा आहे. तो निरोगी माणसांवर झालेला होता आणि लहान होता. त्याच्या आधारे कोलायटिसच्या रुग्णाला आश्वासन देता येत नाही. तंतूंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निर्जंतुक उंदरांच्या आतड्यात माणसाच्या आतड्यातील १४ जातींचे जीवाणू सोडले आणि मग त्यांच्या अन्नातून तंतू काढून टाकले. उपाशी पडलेले जीवाणू आतड्याचा श्लेष्माच खाऊ लागले, थर पातळ झाला आणि त्यानंतर दिलेला रोगजंतू सहज अस्तरापर्यंत पोचला. भावाला आज तंतू सोसत नसतील तर ते टाळणे योग्यच आहे. मात्र आजार शांत झाल्यावरही कायमचे केवळ मऊ भातावर राहणे हिताचे नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

पानगळ

मी औषधविक्रेता आहे. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल लोक चिठ्ठीशिवाय मागतात आणि नेतात, म्हणून विचारतो. प्रतिजैविकांच्या जोडीने त्या घ्याव्यात, असे मी आजवर सांगत आलो आहे. ते बरोबर आहे का?

सूक्ष्मदर्शी

पानगळ, प्रामाणिकपणे विचारलेत म्हणून आनंद वाटला. प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब काही प्रोबायोटिकांनी कमी होतात, याला पुरावा आहे. पण इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली असेही दाखवले की प्रतिजैविकांनंतर ११ जातींचे मिश्र प्रोबायोटिक घेतलेल्या माणसांच्या आतड्यात मूळचे जीवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. ज्यांना स्वतःचेच आधी साठवलेले जीवाणू परत दिले, त्यांचे सर्वांत लवकर पूर्ववत झाले.

याच्या अगदी उलट बाजूला ओडिशातील नवजात बालकांवरचा प्रयोग आहे, आणि तो आपल्या देशाला भूषणावह आहे. तिथल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक बालकांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटारमची एक ठरावीक उपजात आणि तिचे खाद्य असलेली शर्करा सात दिवस दिली. बाकीच्यांमध्ये रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्के होते, ते या बालकांमध्ये ५.४ टक्क्यांवर आले. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे प्रोबायोटिक उपयोगी आहे की नाही, असा प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. कोणती उपजात, कोणत्या वयात आणि कशासाठी, असे विचारावे लागते.

मुळामुठा

आपल्याकडच्या लोकांच्या जीवाणूंवर काही काम झाले आहे का? सगळे आकडे परदेशी वाटतात.

दूरदेशी

झाले आहे, आणि तुमच्या पुण्यातही झाले आहे. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात देशातील सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे आणि तिथे डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातील जीवाणूंवर पुष्कळ काम केले. याशिवाय भोपाळ आणि केरळमधील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. भोपाळकडच्या, प्रामुख्याने शाकाहार घेणाऱ्या लोकांत प्रिव्होटेला हा जीवाणू ठळकपणे जास्त आढळला.

आता यातली गुंतागुंत बघा. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली नव्याने संधिवात झालेल्या, औषध सुरू न केलेल्या रुग्णांत याच प्रिव्होटेलाची एक जात वाढलेली आढळली होती. भोपाळच्या निरोगी माणसाच्या पोटात जो सुखाने नांदतो, त्याचाच नातलग तिथे संशयित ठरला. मॅडमनी चांगले-वाईट असा भेद करू नका म्हटले, ते इथे पटते.

अबोली_२२

विष्ठारोपणाबद्दल, म्हणजे निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराबद्दल, कोणी लिहील का? माझ्या डॉक्टरांनी एकदा त्याचा उल्लेख केला होता, पण पुढे विषय निघाला नाही.

सूक्ष्मदर्शी

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जीवाणूमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुलाबांवर हा उपचार फार प्रभावी आहे. २०१३ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण निरोगी दात्याच्या विष्ठेच्या एकाच मात्रेने बरे झाले आणि फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. कोलायटिसमध्ये काही चाचण्यांत थोड्या रुग्णांना गुण आला, पण यश तितके खात्रीचे नाही. शिवाय २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की दात्याच्या विष्ठेतील औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूमुळे एक रुग्ण दगावला. त्यामुळे हे काम काटेकोर तपासणी करणाऱ्या केंद्रातच व्हावे, घरच्या घरी कधीही करू नये.

नीलमोहर

सर्वांचे मनापासून आभार. अबोली ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. काकांना काय उत्तर द्यायचे, ते तिला आता ठाऊक आहे.

भावाची सद्यस्थिती सांगते. विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातील दाहाचे मोजमाप, निदानाच्या वेळी ९०० च्या पुढे होते. गेल्या महिन्यात १६० आले. तो सल्फासॅलॅझिन घेतो. या नारिंगी-पिवळ्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्याची लघवी गडद पिवळी होते आणि तो त्याने घाबरतो. हे काळजीचे आहे का?

पानगळ

ताई, या औषधाने लघवी नारिंगी-पिवळी होणे अपेक्षितच असते. मात्र डोळे पिवळे दिसले, ताप आला किंवा अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्ततपासण्या ठरल्या वेळी कराव्यात. सोबत फॉलिक अॅसिड दिले आहे का, तेही पाहा.

सूक्ष्मदर्शी

नीलमोहर, तुम्ही औषधाचे नाव लिहिलेत आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. स्वीडनमधील नाना स्वार्ट्झ या डॉक्टरांनी १९४० च्या आसपास सल्फासॅलॅझिन संधिवातासाठी तयार करवून घेतले. त्यात दोन रेणू एका अॅझो बंधाने जोडलेले आहेत आणि तो नारिंगी-पिवळा रंग त्या बंधामुळेच येतो. गोळीचा बराचसा भाग तसाच्या तसा मोठ्या आतड्यापर्यंत जातो. तिथे तो बंध तोडतात ते आतड्यातले जीवाणू, आणि मग दाह शमवणारा रेणू नेमक्या जागी मोकळा होतो. निर्जंतुक उंदरांना हेच औषध दिले, तेव्हा ते न फुटताच बाहेर पडले.

ज्वारीची_भाकरी

म्हणजे ताईंच्या भावाचे औषध त्याच्याच पोटातले जीवाणू तयार करून देतात. हे त्याला नक्की सांगा.

नीलमोहर

आत्ताच सांगितले. तो जेवायला बसला होता. गोळी तळहातावर घेऊन त्याने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "मी दोन वर्षे यांनाच दोष देत होतो." मग मऊ भात आणि वरणाबरोबर गोळी घेतली. फॉलिक अॅसिड चालू आहे, पानगळ दादा. डबीवर पाहून घेतले. पुढची रक्ततपासणी पंधरा तारखेला आहे. भाकरी कधी सुरू करायची, ते त्या वेळी डॉक्टरांना विचारून इथे लिहीन.

अबोली_२२

जरूर लिहा. सुरू कराल तेव्हा पहिल्यांदा चतकोर भाकरीच द्या, तीही गरम दुधात किंवा पातळ वरणात चुरून मऊ झाल्यावर, आणि पुढचे तीन दिवस दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नका, म्हणजे काय सोसले आणि काय नाही ते कळेल. दूध सोसत नसेल तर वरणच बरे.